आमरीची पेटी

लालमहंमदच्या दुकानात लोक कूलर घेऊन यायचे. झाड घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कॉलेजातल्या दामिनी मॅडम रिक्षातून उतरल्या आणि त्यांनी हातातला प्लास्टिकचा डबा जपून काउंटरवर ठेवला. त्याला वाटलं, आत पंपाचा एखादा नाजूक भाग असेल.

नांदेडच्या इतवाऱ्यात हे दुकान चाळीस वर्षांपासून होतं. पत्रा कापायचा, वाकवायचा, रिवेट ठोकायचे, तिन्ही बाजूंच्या जाळ्यांत गवताचे पॅड भरायचे, वरून पाण्याची नळी, मधे पंखा. एकेकाळी मार्च लागला की लालमहंमदला जेवायला वर घरात जायची फुरसत नसायची. आता लोक प्लास्टिकचे तयार कूलर आणत, ऐपतवाले एसी घेत, आणि त्याच्याकडं राहिलं होतं ते पॅड बदलायचं, पंप दुरुस्तीचं काम. थोरला मुलगा शारिक स्वतःच एसी बसवायचा. बसस्टँडकडं त्याचं दुकान होतं. दर उन्हाळ्याच्या तोंडाला तो येऊन एकच गोष्ट सांगायचा, "अब्बा, शटर पाडा आता. माझ्याकडं येऊन बसा." लालमहंमद त्याला कधी हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. सकाळी नऊला येऊन शटर वर करायचा, एवढंच.

मॅडमनी डब्याचं झाकण काढलं. आत तळहाताएवढा सालीसकट लाकडाचा तुकडा होता आणि त्याला पारदर्शक दोऱ्यानं एक रोप बांधलेलं होतं. चार जाड पानं, त्यातलं मोठ्यातलं मोठं करंगळीच्या पेराएवढं. पानांच्या खालून पांढरट मुळं निघून लाकडावर पसरलेली. डाग द्यायची कथलाची तार वितळून सांडावी तशी ती दिसत होती.

"बांडगूळ हाय का हे?" लालमहंमदनं विचारलं.

"सगळे तेच विचारतात, चाचा. बांडगूळ झाडात मूळ घुसवून रस पितं. ही आमरी, ऑर्किड. झाडावर नुसती बसते, झाडाचं काही घेत नाही."

"मग खाती काय?"

"सालीवरून पावसाचं पाणी ओघळतं, त्यातलं मिळेल ते. आणि हवेतला ओलावा."

लालमहंमदनं बाहेर पाहिलं. रस्त्यावर पाणी शिंपडून दहा मिनिटं झाली नव्हती आणि धूळ पुन्हा उडायला लागली होती. "हवेतला ओलावा," तो म्हणाला. "आमच्या नांदेडात."

"त्यासाठीच आलेय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. अभ्यासासाठी त्या कुर्गच्या बाजूला दोन वर्षं राहिल्या होत्या. एका पावसाळ्यात तिथल्या कॉफीच्या मळ्यातली मोठी फांदी मोडून पडली. मजूर ती जळणाला तोडत होते. फांदीवर ही पाच रोपं होती. मालकाला विचारून मॅडमनी ती सोडवून घेतली. हिचं मोठं होणं एवढंच, शंभर वर्षं जगली तरी मुठीत मावेल. नांदेडला नोकरी लागली तशी पाचही त्यांच्याबरोबर आली. पहिल्या उन्हाळ्यात दोन एसीच्या खोलीत ठेवली. गार राहिली, पण पार सुकून गेली. एक काचेच्या बरणीत झाकून ठेवलं, ते कुजलं. एकाला बोअरचं पाणी घातलं. त्याची मुळं जळाली. आता हे शेवटचं.

बोलता बोलता त्यांनी पिशवीतून छोटी बाटली काढली आणि एका मुळावर दोन थेंब सोडले. लालमहंमद चष्मा लावून वाकला. त्याच्या डोळ्यांदेखत चांदीच्या रंगाचं ते मूळ हिरवं होत गेलं, थेंब जिथवर ओघळला तिथवर.

"ओलं आहे तोवर हिरवं," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा पांढरं झालं की पाणी मागतेय. पण मधे वाळायला हवं, नाही तर कुजते."

लालमहंमद बराच वेळ मुळाकडं बघत राहिला. मग बोटांवर मोजत म्हणाला, "म्हंजे ओल पाहिजे, पण साचलेली नको. वारं पाहिजे. गारवा पाहिजे, पण कोरडा नको. मॅडम, हे तर कूलरचंच काम हाय."

"म्हणूनच तुमच्याकडं आले. अशी पेटी बनवाल? मला मार्चपासून जूनअखेरपर्यंत लातूरच्या कॉलेजात पाठवतायत. तिथं तिसऱ्या मजल्यावर, गच्चीखालची खोली आहे. पेटी तिथं नेईन."

"बनवीन. पण ती चालते का न्हाई हे मी सांगून उपयोग न्हाई, झाडानं सांगाया पाहिजे. झाड हितंच ठेवा."

मॅडमनी डब्यावर हात ठेवला. "चाचा, तुम्ही झाडं लावता?"

"न्हाई. घरी पुदिना बी माझी बायको लावती."

खोटं बोलला असता तर कदाचित त्यांनी डबा उचलला असता. त्यांनी डब्यावरचा हात काढला. मग म्हणाल्या, "मी शिकलेली आहे आणि माझ्या हातून चार मेली. ठेवा." जाताना त्यांनी पाण्याची बाटली दिली आणि हवेतला ओलावा व उष्णता दाखवणारं काडेपेटीएवढं एक मीटर दिलं.

दुकानाच्या वरच घर होतं. सुलतानबीनं रंगाच्या रिकाम्या डब्यांत पुदिना, मेंदी, कोथिंबीर लावलेली होती. नवऱ्यानं आणलेला लाकडाचा तुकडा तिनं उलटा करून पाहिला. "अजी, ह्याला फूल येतंय का?"

"येतंय म्हणे. तिळाएवढं."

"तिळाएवढं," सुलतानबी म्हणाली आणि हसू ओढणीत लपवून स्वयंपाकघरात गेली. त्या दिवसापासून ती त्या रोपाला 'तुमची पाव्हणी' म्हणायला लागली.

पहिली पेटी चार दिवसांत झाली. गुडघ्याएवढी उंच, पुढं काच, मागं वाळ्याची ताटी, ताटीवर पाणी, समोर छोटा पंखा. कूलरचंच बाळ. दुकानात मीटरवर ओलावा अठरा होता, पेटीत सत्तर झाला. लालमहंमदला इतकं बरं वाटलं की त्यानं गल्लीतल्या चहावाल्यालाही बोलावून दाखवलं. मार्च असा सरळ गेला. सकाळी शटर उघडलं की आधी मुळं बघायची, पांढरी असली की बाटलीतलं पाणी, हिरवी असली की हात लावायचा नाही. रविवारी लातूरला फोन.

एप्रिलच्या मध्यावर पानांवर पांढरे ठिपके दिसायला लागले. मॅडमना फोन करायची गरज पडली नाही. तो पांढरा थर त्यानं चाळीस वर्षं कूलरच्या जाळ्यांवरून खरवडून काढला होता. टाकीत बोअरचं पाणी होतं आणि पंखा त्याचे बारीक तुषार रोपावर उडवत होता. त्याच दिवशी टाकी धुतली आणि पिण्याच्या पाण्याचे जार आणून भरायला सुरुवात केली. मऊ फडक्यानं एकेक पान पुसलं. पत्र्यानं निबर झालेल्या त्याच्या बोटांना ते काम जमत नव्हतं, म्हणून सुरम्याची सळई मागून घेतली आणि तिच्या टोकाला कापूस गुंडाळला. तरी महिना संपता संपता खालचं पान पिवळं पडून गळालं. तीन राहिली.

शारिक आला तेव्हा लालमहंमद ते गळालेलं पान हातात घेऊन बसला होता.

"अब्बा, लोक कूलर घेऊन येऊन राहिले आन् तुम्ही हे करून राहिले," शारिक म्हणाला. "द्या माझ्याकडं. शोरूममधे दिवसभर एसी चालू असतो."

"एसीनं दोन गेल्यात."

"मग मरू द्या. त्यांना सांगा, न्हाई जमलं. काय जाणार हाय तुमचं?"

लालमहंमदनं पान कागदात ठेवलं. "अजून न जमायला मी सगळं कुठं करून बघितलंय," तो म्हणाला.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. दुपारी अकराला मोठा आवाज झाला, काळा धूर निघाला आणि पंखे थांबले. वायरमन येऊन बघून गेला. नवा यायला तीन दिवस तरी, असं म्हणाला. बाहेर त्रेचाळीस. लालमहंमदनं पेटीवर ओलं पोतं टाकलं, हातपंख्यानं वारा घातला, माठाच्या तळाशी रोप ठेवून पाहिलं. माठात गार होतं, पण हवा कोंडत होती. बरणीतल्या रोपाचं काय झालं ते त्याला माहीत होतं. बाहेर ठेवलं की शिंपडलेलं पाणी दहा मिनिटांत उडत होतं आणि मुळं पुन्हा पांढरी पडत होती. दोन वाजता मधल्या पानावर सुरकुती दिसली.

तो खाली पायरीवर बसला आणि विचार करायला लागला. विजेशिवाय, पंख्याशिवाय, भर मे महिन्यात ओली आणि हलती हवा जिल्ह्यात कुठं असेल. गोदावरीकाठ आठवला, पण तिथं ऊन उघडं. मग त्याला अर्धापूरचा ग्यानोबा आठवला. ग्यानोबाची सहा एकर केळी होती. त्याच्या घरचा कूलर लालमहंमदनंच बनवलेला, आणि दर दोन वर्षांनी पॅड बदलायला गेला की ग्यानोबा त्याला मळ्यात जेवायला बसवायचा. त्या केळीच्या सावलीत बसून घाम वाळायचा नाही, हे लालमहंमदला आठवत होतं.

"ह्या उन्हात?" सुलतानबी म्हणाली. "तुमची बीपीची गोळी सकाळची राहिलीय. शारिकची गाडी येऊ द्या."

"शारिक हिमायतनगरला कामाला गेलाय. रात होईल त्याला."

तिनं पुढं वाद घातला नाही. गोळी दिली, टॉवेल भिजवून डोक्याला गुंडाळायला दिला, खिशात कांदा घातला. आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं रोप माठात ठेवून माठ स्कूटरवर त्याच्या दोन पायांच्या मधे तिनंच नीट बसवून दिला. "झाकण लावू नका," ती म्हणाली. "कोंडंल."

अर्धापूरपर्यंतच्या रस्त्यात तो तीनदा थांबला, प्रत्येक वेळी रोपावर पाणी शिंपडायला. स्वतःला प्यायचं त्याला एकदाच सुचलं.

ग्यानोबा शेडमधे खाटेवर पडला होता. तो उठून बसला. "लालभाई? आन् ह्या टायमाला?"

"तुझ्या केळीत जागा पाहिजे. तीन दिवस."

"कुणाला?"

लालमहंमदनं फडकं सोडलं. ग्यानोबानं आधी रोपाकडं पाहिलं, मग लालमहंमदच्या लाल झालेल्या तोंडाकडं. "दवाखान्यात आणल्यावानी आणलंय," तो म्हणाला. "आधी तू पाणी पी. मग पेशंटला बघू."

केळीत पाऊल टाकलं आणि लालमहंमदला कानशिलावरचा ताण उतरल्यासारखं झालं. वर पानांचं छत, खाली ठिबकच्या पाण्यानं काळी झालेली जमीन. मीटरवर ओलावा एकसष्ट होता, उष्णता बाहेरपेक्षा सात-आठनं कमी. त्यानं केळीच्या एका खांबाला रोप बांधलं आणि समोर पोतं टाकून बसला. पाच वाजेपर्यंत मुळं हिरवी राहिली.

तिथंच तो राहिला. रात्री शेडमधे झोपायचा, उजाडलं की केळीत येऊन बसायचा. काही करायला नव्हतं, म्हणून बघत राहिला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या लक्षात आलं की इथं वारा कुठूनच अंगावर येत नाही. वर पानं हलतात, पण खांबाजवळ हात धरला तर झोत लागत नाही. ओल जमिनीतून वर येते, सावकाश, पानांना लागून पुढं जाते, खालून दुसरी येते. त्यानं हात वर, खाली, आडवा धरून पाहिला. ग्यानोबाला वाटलं, ह्याला ऊन लागलं.

"ग्यानबा, माझी पेटीच चुकली," लालमहंमद म्हणाला. "चाळीस वर्षं माणसाला गार करायचं म्हणून तोंडावर झोत मारायचं शिकलो. हिच्या बी तोंडावर झोतच मारून राहिलो होतो."

"मग आता?"

"आता खालून वर."

पण तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला तेव्हा तीनपैकी एक पान अर्धं खाल्लेलं होतं. कडा कातरीनं कापल्यासारखी, आणि लाकडावर चकाकता ओघळ. एका मुळाचं टोकही गेलेलं. ग्यानोबानं खांबाच्या मागून करंगळीच्या नखाएवढी गोगलगाय काढून दाखवली. "ओल हाय तिथं ही हायच," तो म्हणाला. "मला सांगाया पाहिजे होतं. ध्यानातच न्हाई आलं."

लालमहंमदनं रोप सोडलं, तार घेऊन तिला दोन हात ग्रीस फासलं आणि रोप दोन खांबांच्या मधे अधांतरी टांगलं. हे आधी करायचं होतं. मग त्यानं लातूरला फोन लावला. रविवार नव्हता, त्यामुळं मॅडमनी पहिल्या घंटीलाच उचलला.

त्यानं सगळं सांगितलं. ट्रान्सफॉर्मर, केळी, गोगलगाय. कुठंच स्वतःची बाजू घेतली नाही. "अडीच पानं राहिलीत," तो म्हणाला. "तुम्हाला न्यायची असली तर मी आजच आणून देतो."

मॅडमनी विचारलं, "मुळं कशी आहेत?"

"सहा हायत. पाच साबूत. शिंपडलं की हिरवी होतात."

"पानांच्या मधला कोंब?"

त्यानं चष्मा पुसून पाहिलं. "हाय. हिरवा हाय."

"मग ती जगणार आहे," मॅडम म्हणाल्या. "चाचा, इथं माझ्या खोलीत आता एकेचाळीस आहे. माझ्याकडं असती तर फोनच करावा लागला नसता. तुमच्याकडंच ठेवा."

चौथ्या दिवशी वीज आली. लालमहंमद परतला तेव्हा शारिक दुकानासमोर उभा होता. शटर सलग तीन दिवस बंद, असं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. बाप काही सांगेल म्हणून तो थांबला. बापानं आत जाऊन जुन्या पेटीचे रिवेट तोडायला सुरुवात केली. शारिक थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानंही बाह्या दुमडल्या आणि पत्र्याचं दुसरं टोक धरलं.

"पंखा कोणता लावताय?" त्यानं विचारलं.

"हाच."

"हा लई जोराचा हाय. कॉम्प्युटरमधला बारका पंखा देतो. बारा व्होल्टचा. बॅटरीवर चालंल. लाइट गेली तरी दोन दिवस फिकीर न्हाई."

लालमहंमदनं मान वर करून मुलाकडं पाहिलं. "आण," तो म्हणाला.

नव्या पेटीत पाणी तळाला होतं. मागच्या ताटीतून ओली हवा आत यायची, पत्र्याच्या दोन आडव्या भिंतींना वळसा घालायची, त्यात तिचे थेंब खाली गळून जायचे, आणि मग भोकं पाडलेल्या पत्र्यातून ती सावकाश वर चढायची. रोप वर, तारेला टांगलेलं. पण सावकाश म्हणजे किती, हे डोळ्याला दिसणार कसं. त्यावर सुलतानबीनं तोडगा काढला. तिनं ऊद पेटवून आत धरला. धूर खालून उठला, एका कोपऱ्यात गरकन फिरला आणि तिथंच अडकला.

"ह्या कोपऱ्यात कोंडतंय," ती म्हणाली. "हितं भोकं पाडा."

सहा दिवस असा धूर चालला. भोकं पाडायची, जास्त झालेली डाग देऊन बुजवायची, पुन्हा ऊद. गिऱ्हाईक येऊन विचारायचे, चाचा, दुकानात दर्गा केला का. सातव्या दिवशी धूर तळातून एकसारखा उठला, रोपाच्या भोवतीनं गेला आणि वरच्या फटीतून बाहेर पडला, कुठं न थांबता. सुलतानबीनं मीटर वाचलं. पंचाहत्तर. बाहेर एकवीस.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खाल्लेल्या मुळाच्या मागच्या अंगानं नवं टोक फुटलं, मोड आलेल्या मुगासारखं. पंधरा दिवसांत खाली आणखी एक मूळ निघालं आणि मधल्या कोंबातून पान वर आलं.

जूनअखेरीस दामिनी मॅडम आल्या त्या बसवरून थेट दुकानात. बॅग खांद्यावरच होती. पेटीसमोर बसून त्यांनी आधी अर्धं पान पाहिलं, मग नवं पान, मग मुळं मोजली. "आठ," त्या म्हणाल्या. बराच वेळ त्या तिथून उठल्या नाहीत. चहा आला, गार झाला.

नंतर त्यांनी सांगितलं की त्यांची बदली लातूरलाच कायम झाली आहे.

लालमहंमद ऐकून घेऊन म्हणाला, "मग पेटी बसवाया मी येतो. तुम्हाला पाणी किती भरायचं ते हातानं दाखवाया पाहिजे." सुलतानबीनं त्या दिवशी पहिल्यांदा तक्रार केली, की मॅडमना रोप एकटीला नेता येत नाही का. तक्रार पाव्हणी चालली ह्याची होती, हे तिलाही कळलं आणि त्यालाही.

दोन दिवसांनी लोहा, अहमदपूर करत तो पेटी मांडीवर घेऊन बसनं लातूरला गेला. कंडक्टरनं ती खाली ठेवायला सांगितलं तर म्हणाला, आत जीव हाय. मॅडमच्या खोलीत उत्तरेची खिडकी होती. तिथं पेटी बसवली, ऊद पेटवून धूर पाहिला, ताटी कधी बदलायची ते सांगितलं. संध्याकाळच्या बसनं परतला. दुसऱ्या दिवशी नऊला शटर उघडलं आणि सवयीनं कोपऱ्याकडं गेला. तिथं पेटीच्या चार पायांचे गोल डाग अजून फरशीवर होते. त्यानं कुणाच्या तरी कूलरचा पंप उघडायला घेतला.

पावसाळा गेला तो रविवारच्या फोनवर. सप्टेंबरात एका बुधवारी फोन आला. "चाचा, दांडा आलाय. पानाच्या बगलेतून. दोऱ्याएवढा." मग रोज एकेक बातमी. दांडा वाकला. कळ्या धरल्या, बारा, मोहरीच्या अर्ध्या. आणि एका दुपारी शारिक फोन घेऊन धावत दुकानात आला. "अब्बा, फूल उघडलं. फोटो पाठवलाय मॅडमनी."

लालमहंमदनं तोंड फिरवलं. "फोटो नको दाखवू."

"का?"

"मी बघाया जाणार हाय."

"तिळाएवढ्या फुलासाठी लातूर? येऊन जाऊन दिवस जाईल."

"जाऊ दे."

सकाळी शारिककडं किल्ली देऊन लालमहंमद सातच्या बसला पोचला तेव्हा सुलतानबी इस्त्रीचा पोशाख घालून त्याच्या आधी सीटवर बसलेली होती. त्यानं तिला बोलावलं नव्हतं. तिनं डब्यात पराठे आणले होते आणि पिशवीत पुदिन्याची एक जुडी, मॅडमसाठी.

दामिनी मॅडमनी पेटीची काच काढली आणि भिंग लालमहंमदच्या हातात दिलं. नुसत्या डोळ्याला दांड्यावर पांढरी साखर सांडल्यासारखं दिसत होतं. त्यानं भिंग धरलं. एकेक दाणा फूल झाला. पाच पाकळ्या, मधे जांभळी छटा असलेली एक वेगळी, खाली बारीक पिशवीसारखी शेपटी. सगळं पूर्ण होतं, कुठं काही राहिलेलं नव्हतं. त्यानं आयुष्यभर सांधे तपासले होते. त्यानं हेही तसंच तपासलं, कडेनं कडेनं, आणि त्याला एकही फट सापडली नाही.

"द्या हिकडं," सुलतानबी म्हणाली.

ती पाहत राहिली. खालच्या फुलापासून वरच्यापर्यंत, आणि मग पुन्हा खालून. श्वास लागून फूल हलू नये म्हणून तिनं तोंडावर ओढणी धरली होती. मॅडमनी चहा ठेवला, कप मांडले, तरी भिंग परत आलं नाही.

"बी धरतंय का ह्याला?" तिनं शेवटी विचारलं.

"हातानं पराग लावले तर धरेल कदाचित," मॅडम म्हणाल्या. "पण बी धुळीसारखं असतं. मातीत टाकून उगवत नाही. प्रयोगशाळेत, बाटलीत, महिनोन् महिने ठेवावं लागतं. आमच्या कॉलेजात तेवढी सोय नाही. उष्णता चोवीस तास एकसारखी लागते, दोन अंश इकडं नाही की तिकडं नाही."

"किती?" लालमहंमदनं विचारलं.

"काय किती?"

"उष्णता. किती पाहिजे?"

मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं. "पंचवीस."

"आन् बाटल्या किती असतील? उभ्या ठेवायच्या का आडव्या?"

त्या सांगत गेल्या. तो खिडकीजवळ उकिडवा बसून बसच्या तिकिटामागं पेन्सिलीनं लिहीत गेला. तिकीट संपलं तेव्हा सुलतानबीनं आपलं पुढं केलं.